दोन डोळे आणि एक दृष्टी : दृष्टिव्यायामचिकित्सेचा इतिहास व तिच्या अधिकाराची सीमा

१. प्रश्नाचे स्वरूप

संस्कृत टीकाकारांच्या व्यवहारात ‘काकाक्षिगोलकन्याय’ नावाचा एक न्याय प्रसिद्ध आहे. कावळ्याला खोबण्या दोन असल्या तरी नेत्रगोलक एकच असतो व तो गरजेप्रमाणे ह्या खोबणीतून त्या खोबणीत फिरतो, ह्या लोकसमजुतीवर तो आधारलेला आहे. एकदाच उच्चारलेले पद जेव्हा मागच्या व पुढच्या अशा दोन्ही वाक्यांशांशी अन्वित होते, तेव्हा टीकाकार ह्या न्यायाचा आश्रय करतात. कावळ्याविषयीची ही समजूत प्राणिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. परंतु तिच्यामागे जो प्रश्न दडलेला आहे तो खरा आहे. डोळे दोन असता वस्तू एकच का दिसावी? ही एकता स्नायूंनी साधलेली असते, डोळ्यांनी, की डोळ्यांमागे बसलेल्या मेंदूने?

बहुसंख्य माणसांना हा प्रश्न कधी पडत नाही, कारण त्यांच्या बाबतीत ही एकता आपोआप साधते. ज्यांच्या बाबतीत ती साधत नाही, त्यांच्या व्यथांचे तीन प्रकार येथे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला तिरळेपणा : एक डोळा वस्तूकडे रोखलेला असता दुसरा आत, बाहेर, वर किंवा खाली वळलेला असतो. दुसरा मंददृष्टी : डोळ्याच्या रचनेत त्या मानाने दोष नसूनही, बालपणी त्याचा उपयोग न झाल्याने त्याची दृष्टी मंद राहते. तिसरा अभिसरणदौर्बल्य : जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळवून तसे टिकवता येत नाहीत, आणि मग अक्षरे दुहेरी दिसणे, कपाळ दुखणे, ओळ सुटणे अशा तक्रारी सुरू होतात. पहिली व्यथा चारचौघांना दिसते आणि ‘तिरळा’, ‘चकणा’ अशी विशेषणे मुलाला जन्मभर चिकटवते. उरलेल्या दोन पाहणाऱ्याला दिसत नाहीत, आणि कित्येकदा खुद्द मुलालाही ठाऊक नसतात, कारण इतरांना ह्याहून वेगळे दिसते हे त्याला कळावे कसे?

ह्या व्यथांवर पट्टी, लोलक, घनचित्रे, मणी ओवलेली दोरी इत्यादी साधनांनी करावयाच्या पद्धतशीर अभ्यासाला दृष्टिव्यायामचिकित्सा म्हणता येईल. तिचा इतिहास म्हणजे केवळ उपकरणांची यादी नव्हे. दोष नेमका कोठे आहे ह्याविषयीची कल्पना जसजशी बदलली तसतसा उपचार बदलला. आणि ज्या ज्या वेळी ‘पाहणे’ व ‘वाचणे’ ह्या दोन क्रिया एकच मानल्या गेल्या, त्या त्या वेळी ह्या चिकित्सेने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले. हे पाऊल कोठे पडले व ते कसे मागे घ्यावे लागले, हा ह्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय.

२. मुखवट्यापासून शस्त्रापर्यंत

सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणाऱ्या पॉलस एजिनेटा ह्याने तिरळ्या बालकांसाठी मुखवटा सुचविला होता. मुखवट्याला समोर छिद्रे असावीत, म्हणजे मुलाला पाहावयाचे झाल्यास सरळच पाहावे लागेल, अशी ही योजना. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रवाझ पारे ह्याने तिचा पुरस्कार केला, आणि ड्रेस्डेनच्या गेओर्ग बार्टिश ह्याने १५८३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या नेत्ररोगविषयक ग्रंथात अशा मुखवट्यांची चित्रेच दिली. ह्या उपायामागे तिरळेपणा ही एक वाईट सवय आहे, अशी कल्पना होती. सवय मोडावयाची तर प्रतिबंध करावा, एवढेच तिचे तर्कशास्त्र.

१७४३ साली ब्यूफाँ ह्या निसर्गशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निराळा विचार मांडला. दोन डोळ्यांच्या शक्तीत विषमता असल्यामुळे दुर्बळ डोळा बाजूला वळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आणि म्हणून सबळ डोळा काही काळ झाकून दुर्बळास कामाला लावावे, असा त्याचा उपाय होता. दोष सवयीत नसून दोन डोळ्यांच्या परस्परसंबंधात आहे, ही कल्पना येथे स्पष्ट झाली. ब्यूफाँचे स्पष्टीकरण सर्व प्रकारच्या तिरळेपणाला लागू पडत नाही; पण चांगला डोळा झाकण्याचा उपाय मंददृष्टीसाठी आजही प्रमाण मानला जातो.

एकोणिसाव्या शतकात दोष स्नायूंत शोधण्यात आला. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनचा शस्त्रवैद्य योहान फ्रीडरिख डीफेनबाख ह्याने सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा आतल्या बाजूचा स्नायू छेदून तिरळेपणावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या काळी शरीर बधिर करण्याचे साधन उपलब्ध नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्रियेतील धाडसाची कल्पना येते. अल्पावधीतच ही शस्त्रक्रिया युरोपभर पसरली. परंतु स्नायू केवळ तोडून सोडल्याने अनेकांचे आत वळलेले डोळे काही काळाने बाहेर वळले. पुढे अल्ब्रेख्त फोन ग्रेफे प्रभृतींनी तिच्यात संयम व शिस्त आणली. तरी एक प्रश्न उरलाच : डोळा सरळ झाला म्हणजे दोन डोळ्यांनी मिळून पाहणे सुरू होते काय? बाह्य सरळपणा आणि आंतरिक एकता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळण्यास वेगळ्याच ज्ञानशाखेचे साहाय्य लागले.

३. घनचित्रदर्शक आणि झाव्हाल

चार्ल्स व्हीटस्टन ह्याने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आरशांच्या साहाय्याने बनविलेल्या स्टिरिऑस्कोपचे, म्हणजे घनचित्रदर्शकाचे, वर्णन केले. एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे व दुसरे उजव्याला दिसेल तसे, दोन डोळ्यांपुढे वेगवेगळी धरली असता सपाट कागदावर खोली प्रकट होते, हे त्याने दाखविले. दोन प्रतिमांतील अल्प भेद हाच खोलीच्या जाणिवेचा एक आधार आहे, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. दिवाणखान्यातील करमणूक म्हणून हे यंत्र पुढे घरोघर गेले. पण त्याचे खरे महत्त्व असे, की दोन डोळ्यांची एकता प्रथमच प्रयोगाचा विषय झाली.

ह्या एकतेच्या उगमाविषयी जर्मन शरीरशास्त्रात मोठा वाद झाला. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ ह्याच्या मते ती अनुभवाने शिकलेली असते. एवाल्ड हेरिंग ह्याच्या मते तिचा पाया जन्मजात असतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या वादाचा सूर परिचित वाटेल, कारण भाषा अर्जित की उपजत ह्या प्रश्नावर असाच पक्षभेद पुढे झाला आहे. चिकित्सेच्या दृष्टीने वादाचे फलित सरळ होते. एकता जर शिकलेली असेल, तर ती शिकवताही आली पाहिजे.

हा निष्कर्ष व्यवहारात उतरविण्याचे श्रेय लुई एमील झाव्हाल (१८३९–१९०७) ह्याचे. तो मूळचा खाणकामाचा इंजिनियर. त्याच्या कुटुंबात तिरळेपणा होता; बहिणीच्या व्यथेमुळे त्याचे लक्ष ह्या विषयाकडे वळले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हेल्महोल्ट्झच्या शारीर प्रकाशविज्ञानावरील महाग्रंथाचा १८६७ साली प्रसिद्ध झालेला फ्रेंच अनुवाद करणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. आणि १८६८ साली त्याने वैद्यकाच्या पदवीसाठी तिरळेपणावरच प्रबंध लिहिला. घनचित्रदर्शकात ठिपके, अक्षरे व आकृती असलेली चित्रपत्रे घालून, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा अभ्यासक्रम त्याने रचला. प्रथम दोन्ही डोळ्यांतील चित्रांची एकाच वेळी जाणीव व्हावी, मग ती एकमेकांत मिसळावीत, आणि शेवटी त्यांतून खोली प्रकट व्हावी, अशी ही चढण होती. उपचार महिनोन्‌महिने चाले व रुग्णाच्या चिकाटीची कसोटी पाही. १८९६ साली त्याने आपला सर्व अनुभव तिरळेपणावरील एका पुस्तकात संगृहीत केला. ग्रीक भाषेतील ‘सरळ’ व ‘दृष्टिविषयक’ ह्या अर्थांच्या शब्दांपासून बनलेले ‘ऑर्थोप्टिक्स’ हे नाव ह्या विद्येला मिळाले; झाव्हाल हा तिचा जनक मानला जातो.

ह्याच झाव्हालने वाचनाच्या शरीरशास्त्राचाही पाया घातला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी. वाचताना डोळा ओळीवरून सलग घसरत जात नाही. तो टप्प्याटप्प्याने उड्या घेतो व मध्येमध्ये क्षणभर स्थिरावतो, हे १८७९ च्या सुमारास त्याच्या पॅरिसमधील प्रयोगशाळेत झालेल्या निरीक्षणांतून पुढे आले. त्याच वर्षी हेरिंगनेही स्वतंत्रपणे तसेच निरीक्षण नोंदविले. दैव असे, की डोळ्यांचा हा अभ्यासक काचबिंदूने पुढे स्वतः अंध झाला. अंधत्वात त्याने अंधांच्या जीवनावर १९०३ साली एक पुस्तक लिहिले आणि वाचनलेखनाच्या शरीरशास्त्रावरील ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध केला. तिरळेपणाची चिकित्सा आणि वाचनाचे शास्त्र एकाच माणसाच्या हातून उभे राहिले. परंतु एकाने दुसऱ्याचा प्रश्न सुटतो असा दावा करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. तो दावा पुढच्या पिढ्यांनी केला.

४. एकीकरणाची शक्ती व नव्या व्यवसायाचा उदय

मध्यंतरी फ्रान्स कॉर्नेलिस डाँडर्स ह्या डच शास्त्रज्ञाने १८६४ सालच्या ग्रंथात दाखवून दिले होते, की आत वळणाऱ्या तिरळेपणाचा दूरदृष्टितेशी निकट संबंध असतो. असा डोळा स्पष्ट पाहण्यासाठी नेत्रभिंगावर अधिक ताण देतो. आणि भिंगाचा ताण व डोळ्यांचे अभिसरण ह्यांची सांगड असल्यामुळे डोळे प्रमाणाबाहेर आत वळतात. अशा मुलांना योग्य चष्मा दिला की पुष्कळांचे डोळे व्यायामावाचून व शस्त्रावाचून सरळ होतात. दृष्टिव्यायामाच्या क्षेत्रावर पडलेली ही पहिली शास्त्रीय मर्यादा होय. ती बंधनकारक असली तरी उपकारकच ठरली, कारण कोणास काय द्यावे हा विवेक तिने शिकविला.

इंग्लंडमध्ये क्लॉड वर्थ ह्याने १९०३ साली तिरळेपणावरील आपल्या ग्रंथात दोष आणखी आत नेला. त्याच्या मते मूळ उणीव ‘एकीकरणशक्ती’ची, म्हणजे दोन प्रतिमा मनात एक करण्याच्या सामर्थ्याची, असते, आणि ही शक्ती सामान्यतः सहाव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण विकसित होते. त्यामुळे उपचार जितका लवकर तितका फलदायी, असा आग्रह त्याने धरला. लहान मुलांच्या हाती देण्याजोगे, दोन जोडनळ्यांचे उपकरणही त्याने तयार केले. बर्नार्ड शाव्हास ह्याने १९३९ साली वर्थचा ग्रंथ नव्याने लिहिताना ‘शक्ती’ऐवजी प्रतिक्षिप्त क्रियांची भाषा वापरली, पण लवकर उपचार करण्याचा आग्रह त्याने अधिकच दृढ केला.

अर्नेस्ट मॅडॉक्स ह्या नेत्रवैद्याने डोळ्यांच्या सुप्त विचलनाची मापने करण्याची सुटसुटीत साधने दिली. त्याची कन्या मेरी मॅडॉक्स ह्यांनी हे काम पूर्ण वेळ पत्करले, आणि १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल वेस्टमिन्स्टर नेत्ररुग्णालयात ह्या चिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९३७ साली ब्रिटिश ऑर्थोप्टिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी कीथ लाइल व सिल्व्हिया जॅक्सन ह्यांचे व्यवहारोपयोगी पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध झाले. ह्या व्यवसायात आरंभापासून स्त्रियांची बहुसंख्या होती. एका मुलाबरोबर आठवड्यामागून आठवडे बसून, पिंजऱ्याच्या चित्रात सिंहाचे चित्र शिरेपर्यंत यंत्राच्या भुजा धीराने सरकवीत राहणे, हे त्याचे स्वरूप होते. वैद्यकाच्या इतिहासात अशा कामाची नोंद क्वचित होते. पण ही चिकित्सा ग्रंथांतून जितकी वाढली तितकीच ती ह्या अनामिक परिश्रमांतून वाढली, हे विसरता येत नाही.

५. अमेरिकेतील विस्तार

ब्रिटनमध्ये ही विद्या रुग्णालयात, नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली राहिली. अमेरिकेत तिची एक शाखा चष्म्याचे नंबर काढणाऱ्या दृष्टितज्ज्ञांच्या, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टांच्या, हाती वाढली व तिचे स्वरूप पालटले. ए. एम. स्केफिंग्टन (१८९०–१९७६) हा ह्या शाखेचा अध्वर्यू. १९२८ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्याने ‘ऑप्टोमेट्रिक एक्स्टेन्शन प्रोग्रॅम’ ही संस्था स्थापून देशभर शिक्षणवर्ग चालविले. डोळा म्हणजे केवळ प्रतिमा टिपणारे यंत्र नव्हे. शरीराचा तोल, दिशेचे भान, हालचाल व वाणी ह्या सर्वांशी निगडित असलेली क्रिया म्हणजे दृष्टी होय, अशी त्याची भूमिका होती. येल येथील बालविकासशास्त्रज्ञ आर्नल्ड गेसेल ह्याने सहकाऱ्यांसह १९४९ साली बालकांतील दृष्टिविकासावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ह्या भूमिकेला विद्यापीठाचे पाठबळ लाभले. फ्रेडरिक ब्रॉक ह्याने ह्याच परंपरेत तीन रंगीत मणी ओवलेली दोरी प्रचारात आणली. दोरीचे एक टोक नाकाशी धरून मण्याकडे पाहिले असता दोन दोऱ्या त्या मण्यापाशी एकमेकींना छेदताना दिसाव्यात. एकच दोरी दिसली तर एक डोळा मेंदूने बंद ठेवला आहे हे रुग्णाला स्वतःलाच कळते. इतके स्वस्त व इतके बोलके साधन वैद्यकात विरळाच.

परंतु दृष्टीची व्याख्या जितकी रुंदावली, तितका चिकित्सेचा दावाही रुंदावला. गेसेलच्या कामाशी संबंधित असलेला जी. एन. गेटमन ह्याच्या एका पुस्तकाचे शीर्षकच ‘मुलाची बुद्धिमत्ता कशी विकसित करावी’ ह्या आशयाचे होते. दृष्टी म्हणजे आकलन आणि आकलन म्हणजे बुद्धी, असे समीकरण मांडले की डोळ्यांच्या व्यायामाने शाळेतील अपयश दूर होईल हा पुढचा टप्पा दूर राहत नाही. येथे ‘दृष्टी’ ह्या शब्दाने मोठा घात केला आहे. मराठीतही ‘दृष्टी’ म्हणजे डोळ्याने दिसणे व ‘दृष्टी’ म्हणजे समज, हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. नित्याच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण शास्त्रात एका अर्थाने सिद्ध झालेले दुसऱ्या अर्थाने सिद्ध झाले असे मानले, की अनुमान कोसळते.

ह्याच काळात विल्यम बेट्स ह्याच्या १९२० सालच्या पुस्तकाने चष्माच टाकून देण्याचा संदेश दिला. ऑल्डस हक्सली ह्याने १९४२ साली त्याचा पुरस्कार केला, आणि भारतात डॉ. आर. एस. आगरवाल ह्यांनी पाँडिचेरीच्या श्रीअरविंदाश्रमातील दृष्टिशाळेतून तशा अभ्यासांचा प्रसार केला. डोळ्याचा नंबर हा ताणाचा परिणाम असून तो व्यायामाने जातो, ह्या बेट्सच्या सिद्धांताला प्रकाशविज्ञानाने मान्यता दिलेली नाही. दोन डोळ्यांच्या सहकार्याची चिकित्सा व चष्मा घालविण्याचे व्यायाम ह्या भिन्न वस्तू आहेत. तथापि सामान्य माणसाच्या मनात दोहोंची सरमिसळ झाली व पहिलीच्या वाट्याला दुसरीचा अपलौकिक आला.

६. शब्दांधत्वाचा वेगळा प्रवाह

वाचनातील दोषांचा इतिहास पाहिला असता एक विलक्षण गोष्ट दिसते. ते दोष डोळ्यांचे नव्हेत, हे प्रथम सांगणाऱ्यांत नेत्रवैद्यच अग्रभागी होते. ‘डिस्लेक्सिया’ ह्या संज्ञेचे जनकत्व रूडोल्फ बेर्लिन ह्या श्टुटगार्टच्या नेत्रवैद्याकडे जाते. १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने मेंदूच्या विकारामुळे प्रौढांची वाचनशक्ती कशी क्षीण होते ह्याचे वर्णन केले. इंग्लंडमधील सीफर्डचा डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्याने १८९६ साली चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला, डोळे निर्दोष. पण लिहिलेले शब्द त्याला वाचता येत नसत. ग्लासगोचा नेत्रशल्यवैद्य जेम्स हिन्शेलवुड ह्याने १८९५ पासून अशा रुग्णांचा पाठपुरावा केला व १९१७ साली जन्मजात शब्दांधत्वावर ग्रंथ लिहिला. नेत्रपरीक्षेत काही निघत नाही, म्हणून कारण मेंदूत शोधले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन ह्याने १९२५ पासून हीच दिशा पुढे नेली.

पुढील संशोधनाने हिन्शेलवुडचा तपशील बदलला, पण दिशा बदलली नाही. वाचनदोषाचे मूळ बहुतेक मुलांत ध्वनिविश्लेषणात, म्हणजे बोललेल्या शब्दाचे घटक ओळखून ते लिपीच्या चिन्हांशी जोडण्याच्या क्षमतेत, असते असे आज सामान्यतः मानले जाते. तात्पर्य, हा प्रश्न नेत्रवैद्यकापेक्षा भाषाविज्ञानाला अधिक जवळचा आहे. अशा मुलाचे डोळे वाचताना अडखळतात, मागे फिरतात हे खरे. परंतु ते वाचनाच्या अडचणीचे कार्य आहे, कारण नव्हे. अपरिचित लिपी वाचणाऱ्या कोणाही सुशिक्षित प्रौढाचे डोळे तसेच अडखळतात.

७. कालमर्यादेचा प्रश्न

वर्थने सांगितलेल्या सहा वर्षांच्या मर्यादेला प्रयोगाचा आधार १९६० नंतर मिळाला. टॉर्स्टन व्हीझेल व डेव्हिड ह्यूबेल ह्यांनी १९६३ साली दाखविले, की मांजरीच्या पिलाचा एक डोळा आरंभीच्या काळात मिटून ठेवला तर मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातील पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणे जवळजवळ सोडून देतात. १९६५ साली त्यांनी पिलांत कृत्रिम तिरळेपणा उत्पन्न केला. सामान्यतः सुमारे ८० टक्के पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात, ते प्रमाण ह्या पिलांत सुमारे २० टक्क्यांवर आले. डोळे दोन्ही निरोगी, पण त्यांची मेंदूतील भेट नाहीशी झालेली! ह्या संशोधनाला १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एरिक लेनेबर्ग ह्याने १९६७ साली भाषासंपादनालाही अशीच कालमर्यादा असते असे प्रतिपादन केले, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विदितच आहे.

ह्या सिद्धांताचा व्यवहारात एक अनिष्ट परिणाम झाला. मर्यादा ओलांडलेल्या रुग्णास ‘आता काही होणे नाही’ असे सांगून परत पाठविण्याची प्रथा रूढ झाली. मांजरीच्या पिलाविषयीचे अनुमान माणसाच्या मुलावर, आणि मुलाविषयीचे अनुमान प्रौढावर, जसेच्या तसे लादले गेले. अमेरिकेतील बालनेत्ररोगतज्ज्ञांच्या संशोधकगटाने ७ ते १७ वर्षे वयाच्या ५०७ मुलांवर केलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी चष्म्याबरोबर पट्टी व अन्य उपचार मिळालेल्या ५३ टक्के मुलांची मंददृष्टी समाधानकारक प्रमाणात सुधारली. केवळ चष्मा मिळालेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. तेरा वर्षांपुढील मुलांतही, ज्यांच्यावर पूर्वी उपचार झाले नव्हते त्यांना लाभ झाला.

प्रौढांविषयीचे सर्वांत गाजलेले उदाहरण सूझन बॅरी ह्या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापिकेचे. बालपणीच्या शस्त्रक्रियांनी त्यांचे डोळे दिसण्यात सरळ झाले होते; परंतु मेंदू दोन्ही डोळ्यांचा उपयोग आळीपाळीने करीत असे, म्हणजे काकाक्षिगोलकन्याय येथे शब्दशः लागू पडत होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दृष्टिव्यायामानंतर त्यांना प्रथमच खोलीचे प्रत्यक्ष ज्ञान झाले. ऑलिव्हर सॅक्स ह्याने २००६ साली त्यांच्यावर लेख लिहिला व २००९ साली त्यांचे स्वतःचे पुस्तक निघाले. एका व्यक्तीच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे खरे. परंतु अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट एकदा घडली, तरी ‘अशक्य’ हा शब्द मागे घ्यावाच लागतो.

८. दोन चाचण्यांचा निर्णय

इतक्या दीर्घ वादात नेमकी कसोटी मात्र दीर्घकाळ लागली नव्हती. अनुकूल पक्ष बरे झालेल्या रुग्णांच्या हकीकती सांगे. प्रतिकूल पक्ष त्यांत मुलाचे वाढते वय, चिकित्सकाचे प्रोत्साहन व आशा ह्यांचा वाटा किती, असे विचारी. ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे तर काही मुलांना खऱ्या व्यायामासारखाच दिसणारा, पण अभिसरणावर परिणाम न करणारा लटका व्यायाम देणे अवश्य होते.

अभिसरणदौर्बल्यावरील अशी चाचणी अमेरिकेत झाली व २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांचे चार गट पाडून बारा आठवडे उपचार करण्यात आले. चिकित्सकाच्या देखरेखीखाली, घरच्या अभ्यासाची जोड देऊन व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याचा प्रचलित व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के, घरी संगणकावर व पेन्सिलीने व्यायाम करणाऱ्यांत ३३ टक्के, आणि लटका व्यायाम करणाऱ्यांत ३५ टक्के होते. ह्या आकड्यांतून दोन गोष्टी सिद्ध होतात. देखरेखीखालील व्यायामाचा परिणाम खरा आहे; आणि लटक्या व्यायामानेही एक-तृतीयांशाहून थोडी अधिक मुले सुधारतात. म्हणजेच केवळ बऱ्या झालेल्यांच्या हकीकतींवरून उपचाराचे गुण ठरविणे धोक्याचे असते.

मग दुसरा प्रश्न पुढे आला. अभिसरण सुधारल्याने वाचन सुधारते काय? त्याच परंपरेतील संशोधकांनी अभिसरणदौर्बल्य असलेल्या ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवर सोळा आठवड्यांची चाचणी केली. २०१९ साली आलेला निष्कर्ष असा, की वाचलेल्या मजकुराच्या आकलनात खरा व्यायाम केलेल्या गटाचे सरासरी गुण ३.७ नी वाढले व लटका व्यायाम केलेल्यांचे ३.८ नी. म्हणजे फरक नाहीच. दावा ज्यांच्या क्षेत्राला अनुकूल होता, त्यांनीच तो कसोटीला लावला आणि प्रतिकूल निर्णय प्रसिद्ध केला. ह्या प्रामाणिकपणाची नोंद इतिहासाने अवश्य घेतली पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रवैद्य ह्यांच्या संघटनांनी २००९ सालच्या संयुक्त निवेदनात वाचनदोषावर दृष्टिव्यायामाचा उपचार करण्यास शास्त्रीय आधार नाही, असे सांगितलेच होते. त्या विधानातील अभिसरणाचा भाग ह्या चाचणीने अधिक निश्चित केला.

९. भारतीय संदर्भ व समारोप

भारतातही हा प्रश्न लहान नाही. तमिळनाडूतील नागर व ग्रामीण शाळांत झालेल्या एका पाहणीत, डोळे सरळ दिसणाऱ्या मुलांपैकीही जवळजवळ तीस टक्के मुलांत दोन डोळ्यांच्या सहकार्याचे काही ना काही वैगुण्य आढळले, व त्यांत अभिसरणदौर्बल्य सर्वाधिक होते. शाळांतील नेत्रतपासणी मुख्यत्वे दूरच्या तक्त्यावरील अक्षरे एका वेळी एका डोळ्याने वाचून घेण्यावर थांबते. अशा तपासणीत हे वैगुण्य दिसणे शक्यच नाही, कारण दोन डोळे मिळून काय करतात हे ती विचारतच नाही. दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययनअक्षमतेला मान्यता दिली आहे. तिच्यात डिस्लेक्सियाचा समावेश असल्यामुळे अशा मुलाचे शाळेतील व परीक्षेतील हक्क अचूक निदानावर अवलंबून राहतात. वाचनदोषाचे मूल वर्ष-दोन वर्षे केवळ डोळ्यांच्या व्यायामात गुंतून पडले, तर लिपी व ध्वनी ह्यांची सांगड शिकविण्याचा मोलाचा काळ हातचा जातो. उलट, अभिसरणदौर्बल्याचे मूल ‘आळशी’ म्हणून हिणवले गेले, तर बारा आठवड्यांत बरी होण्याजोगी व्यथा ते वर्षानुवर्षे वागवते. दोन्ही चुकांची किंमत मूलच मोजते.

ह्या ठिकाणी मराठी व अन्य देवनागरी वाचकांचा स्वतंत्र अभ्यास अवश्य ठरतो. रोमन अक्षरांचा वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा अधिक ओळखू येतो, असे झाव्हालचे निरीक्षण होते. देवनागरीत शिरोरेषेने वरची कड एकसारखी होते, अक्षरभेद बहुतांशी तिच्याखाली राहतो, आणि मात्रा, वेलांटी, उकार वर-खाली, मागे-पुढे पसरतात. ‘कि’मधील वेलांटी लिहिली जाते आधी व उच्चारली जाते नंतर. रोमन लिपीच्या वाचकांवरून काढलेले नेत्रगतीचे नियम येथे तपासून न घेता लागू करणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढविणे होय.

सारांश, दृष्टिव्यायामचिकित्सेच्या इतिहासात सवय, विषमता, स्नायू, भिंग, एकीकरणशक्ती व मेंदू अशी दोषस्थानांची एक परंपराच दिसते. प्रत्येक नव्या स्थानाने आधीच्याला पूर्णपणे खोटे ठरविले असे नाही. ब्यूफाँची पट्टी, शस्त्रवैद्याचे शस्त्र, डाँडर्सचा चष्मा, झाव्हालची चित्रपत्रे आणि ब्रॉकची दोरी ही सर्व आपापल्या ठिकाणी आजही उपयुक्त आहेत. चिकित्सा फसली ती तिच्या साधनांमुळे नव्हे, तर ‘पाहणे’ आणि ‘वाचणे’ ह्यांमधली सीमा पुसली गेल्यामुळे. दोन डोळ्यांना एकत्र आणणे हे तिचे कार्य. त्यांनी जे पाहिले त्यातून अर्थ निर्माण करणे हे भाषेचे. ही सीमा नीट आखणे हे नेत्रवैद्याइतकेच भाषाशास्त्रज्ञाचेही कर्तव्य आहे, आणि देवनागरीपुरते ते अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे.